गव्हाणीवरचं ठिगळ

"उठा! आधी उठा तिथनं! उठा म्हणते ना!"

महारुद्रशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. लोकांच्या प्रेमाची सुरुवात चोरट्या नजरेनं होते, गालातल्या गालात हसण्यानं होते. आमची झाली ती परभणी-गंगाखेड एसटीत, ड्रायव्हरनंसुद्धा आरशातून मागं बघावं एवढ्या मोठ्या आवाजात.

आणि चूक त्याचीच होती, हां! मी खिडकीशी बसले होते. शेजारच्या सीटवर आईच्या जुन्या गोधडीत गुंडाळून माझी इतक्या वर्षांची मेहनत ठेवली होती. नवरात्र तोंडावर आलेलं, तरी पाऊस जायचं नाव घेत नव्हता. पोखर्णीला गाडी थांबली, तसा निथळत निथळत एक उंच, सावळा माणूस वर चढला. गोधडी बघितली. "वा, आज गादी हाय की," म्हणाला आणि खुशाल तिच्यावर बसला.

माझ्या ओरडण्यानं तो ताडकन उठला. "काय झालं? अंडी हायत का काय आत?"

"कार्बन फायबरच्या पट्ट्या आहेत."

"फुटत्यात का?"

"नाही."

"मोडत्यात?"

"नाही हो! पण आत तारा आहेत. त्या वाकल्या असत्या तर?"

"वाकल्या तर काय हुतंय?"

आता इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण मास्तरांची मुलगी ना मी... खरं तेच तोंडातून बाहेर पडतं. "तापवल्या की परत सरळ होतात," मी म्हणाले.

अख्खी गाडी फिस्सकन हसली. तो मात्र हसला नाही. अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "म्हंजी फुटत न्हाई, मोडत न्हाई, वाकलं तर आपलं आपण सरळ हुतंय... अन् त्याच्यावर बसायला तेवढी मनाई. लय भारी!"

असा राग आला होता म्हणून सांगू! पण मग त्यानं ती गोधडी उचलली, स्वतः सीटवर बसला आणि लेकरू मांडीवर घ्यावं तशी मांडीवर घेतली. त्याच्या केसांतून पाणी टपकत होतं. ते गोधडीवर पडू नये म्हणून दैठणं गेलं तरी हा पठ्ठ्या मान मागं टाकून, छताकडं बघत बसलेला. मी खिडकीबाहेर बघत होते. म्हणजे... अधूनमधून बघत होते.

"कुठं चाललात?" छताकडंच बघत त्यानं विचारलं.

"कारखान्यावर. तिथल्या गर्डरला ठिगळ लावायचंय."

"लोखंडाला ठिगळ? शिवणार का चिटकवणार?"

"चिकटवणार."

"असं..." तो म्हणाला आणि ओठ दाबून गप्प झाला. मला वाटलं, हसू दाबतोय. नंतर कळलं की ते खरंच हसू होतं.

*

मी कावेरी. परभणीची. शिकायला म्हणून संभाजीनगरला गेले आणि तिथल्याच लॅबमध्ये थकलेल्या लोखंडावर काम करत राहिले. हो, लोखंड थकतं. गंगाखेडहून सोनपेठकडं जाणाऱ्या रस्त्यावर जो साखर कारखाना आहे (नाव सांगत नाही, उगाच बोभाटा नको) तिथलं लोखंड फारच थकलं होतं. ट्रकमधून उसाच्या मोळ्या उचलून गव्हाणीत टाकणारी क्रेन ज्या गर्डरवरून धावते, त्याच्या खालच्या अंगाला भेग पडली होती.

ऑफिसात चीफ इंजिनिअर अप्पाराव बसले होते. गळ्याला मफलर, कपाळाला आठ्या. आणि त्यांच्या बाजूला, कोरडा शर्ट घालून, केस पुसून... तोच! गोधडीवाला!

"हा महारुद्र," अप्पाराव म्हणाले. "आमच्या वर्कशॉपचा इंजिनिअर. तुमच्यासंगं हाच राहील."

"वळख हाय साहेब," तो म्हणाला. "मॅडमनी मला लय आदरानं उठवलं व्हतं."

मी कानापर्यंत लाल झाले. एसटीत सांगायला काय झालं होतं ह्याला!

अप्पारावांना माझ्या ठिगळावर काडीचा विश्वास नव्हता. "माणूस थकतंय, बैल थकतंय. लोखंड थकलेलं आजच ऐकायलो," ते म्हणाले.

"बाइंडिंगची तार एकदा वाकवली तर तुटते का, साहेब? नाही. पण मागं-पुढं, मागं-पुढं करत राहिलात की कट्कन तुटते. तुमची क्रेन इतके हंगाम ह्या गर्डरवर तेच करतेय."

"मग वेल्डिंग मारावं अन् मोकळं व्हावं."

"मागं मारलं होतं ना? मग त्याच्या शेजारीच नवी भेग का आली?"

अप्पारावांनी महारुद्रकडं बघितलं. त्यानं मान खाजवली. "ते खरं हाय, साहेब. मीच मारलं व्हतं."

मग मी टेबलावर गोधडी सोडली. काळ्याभोर, गुळगुळीत पट्ट्या, आणि मधोमध बारीक बारीक तारा. निकेल आणि टायटॅनियमच्या. "ह्या तारा ओढून लांब केलेल्या आहेत," मी सांगितलं. "वीज देऊन तापवल्या की त्यांना आपली मूळ लांबी आठवते. त्या आखडायला बघतात. पण टोकं दोन्हीकडं घट्ट चिकटवलेली! मग त्या सगळा जोर लावून भेगेची दोन्ही तोंडं एकमेकांकडं ओढून धरतात. भेग उघडतच नाही."

"म्हंजी," महारुद्र अगदी साळसूदपणे म्हणाला, "लांब गेलेल्या दोघांला जवळ आणायचं काम म्हणा की."

मी त्याच्याकडं रोखून बघितलं. त्यानं ताबडतोब मफलरकडं बघितलं.

अप्पारावांनी अखेर मान हलवली, पण अट घातली. मोळीपूजनानं हंगाम सुरू व्हायच्या आधी क्रेनवर पुरं वजन टाकून बघायचं. भेग उघडली, तर ठिगळ खरवडून काढायचं आणि वर प्लेट ठोकून द्यायची. "अन् मग तुमी तुमच्या वाटंनं, आमी आमच्या," ते म्हणाले.

माझ्यासाठी तेवढंच नव्हतं ते. लॅबमध्ये माझी पट्टी शेकडो वेळा टिकली होती. पण खऱ्या पुलाला, खऱ्या क्रेनला मला कोणी हात लावू देत नव्हतं. हा पहिला गर्डर. लॅबच्या सरांनी निघताना स्पष्ट सांगितलं होतं, "लॅबमध्ये सगळेच शूर असतात, कावेरी. बाहेर टिकलं नाही तर हा विषय आपण इथंच बंद करू." म्हणजे गव्हाणीवर माझं ठिगळ टिकलं पाहिजे होतं. नाहीतर सगळंच संपलं.

*

कामाला लागलो. पहिल्या दिवशी मी भेगेवर लाल रंग फवारला, पुसून काढला आणि वरून पांढरी भुकटी मारली. भेगेत मुरलेला रंग वर आला आणि पांढऱ्यावर लालभडक रेघ उमटली. महारुद्र डोळे बारीक करून बघत राहिला.

"एवढी लांब गेलीय? मला तर एवढुशीच दिसायली व्हती."

"साध्या डोळ्यांना सगळं दिसत नसतं."

"ते बी खरंच," तो म्हणाला. "लोकांला तुमचा राग तेवढा दिसायलाय."

मी वळले. तो शिडीवरून खाली निघालेला.

भेगेच्या टोकाला आम्ही भोक पाडलं. टोक बोथट झालं की तिची पुढं पळायची खुमखुमी जिरते. महारुद्र ड्रिल धरायचा, मी त्याचा हात कुठं सरकतोय ते बघायचे. तो हात सरकायचाच नाही. एरवी अखंड बडबड करणारा माणूस, पण ड्रिल हातात आलं की श्वाससुद्धा हळू घ्यायचा. मला ते फार आवडायला लागलं होतं... काम म्हणायचं होतं मला. त्याचं काम.

माझं चिकटवायचं रोगण, म्हणजे इपॉक्सी, थंड ठेवावं लागतं. ते मी कॅन्टीनच्या फ्रीजमध्ये, दह्याच्या शेजारी ठेवला होता. कॅन्टीन सांभाळणाऱ्या धुरपताबाईंनी पहिल्याच दिवशी डबा उघडून वास घेतला. "बाई, हे तूप खराब झालंय," त्या म्हणाल्या. मी ओरडत धावले म्हणून वाचलं. तेव्हापासून त्या मला 'ठिगळवाल्या बाई' म्हणायला लागल्या. दोनच दिवसांत सगळा कारखाना म्हणायला लागला.

"तुमी न्हाई का म्हणत मला तसं?" एकदा मी महारुद्रला त्याच्याच बोलीत विचारलं.

"मी मनातल्या मनात दुसरंच म्हणतो."

"काय?"

"मनातलं हाय ना ते..." म्हणाला आणि पाना शोधायला लागला. पाना त्याच्याच हातात होता.

*

चिकटवायचा दिवस उजाडला. सोनपेठचा भुजंग ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर घेऊन पहाटेच आला आणि भेगेभोवतीची जागा वाळूच्या माऱ्यानं घासून चांदीसारखी करून दिली. मी ॲसिटोननं तीनदा पुसली. वर झाकण टाकलं आणि सगळ्यांना बजावलं, "ह्या जागेला कुणीही बोट लावायचं नाही! बोटाचं तेल लागलं तरी रोगण धरत नाही. कळलं?"

"बोट लावायचं न्हाई," महारुद्रनं मान डोलावली.

मी कॅन्टीनमध्ये जाऊन रोगणाचे दोन्ही भाग मोजून मिसळले. धुरपताबाईंनी जबरदस्तीनं साबुदाण्याची खिचडी पुढं केली, दोन घास खाल्ले, आणि भांडं घेऊन लगबगीनं परत आले. गव्हाणीजवळ पोचले, वर बघितलं... आणि काळजाचं पाणी झालं.

झाकण बाजूला झालेलं. चांदीसारख्या लोखंडावर लालभडक रेघ. आम्ही पाडलेल्या भोकाच्याही पुढं... कितीतरी पुढं.

भेग पळाली! घटकाभरात, क्रेन बंद असताना, भोक चुकवून पळाली! शिडी कशी चढले मला आठवत नाही. वर जाऊन बघते तर... वास आला. हळदीचा. खोबऱ्याचा. मग हळदीकुंकवाचा टिळा दिसला, झेंडूचं फूल दिसलं आणि नारळाच्या पाण्याबरोबर ओघळत गेलेलं कुंकू दिसलं.

"हे कुणी केलं?"

खाली सगळे फिटर माना खाली घालून उभे. क्रेनला हार, लेथला हार, वेल्डिंग मशीनला हार. मला एकदम आठवलं. खंडेनवमी! हत्यारांची पूजा!

"मी केलं," महारुद्र पुढं आला. हातात आंब्याचा डहाळा तसाच. "पण बोट न्हाई लावलं, मॅडम! आईशपथ! आंब्याच्या पानानं लावलं."

मी त्याच्याकडं बघतच राहिले. हसावं की रडावं? मी दोन्ही केलं नाही, ओरडले. "अहो, बोट नाही म्हणजे काहीच नाही! नारळाचं पाणी, तेल, हळद... आता काय चिकटणार ह्याला? आणि हे रोगण? हे मिसळलं की थांबत नाही, हे बघा, हातातच घट्ट व्हायला लागलं! आता फक्त एकच डबा उरलाय. एकच!"

त्याचा चेहरा असा पडला की पुढचं बोलायचं मी गिळलं.

"सगळ्या मशिनीला लावलं," तो हळूच म्हणाला. "म्हणलं, ज्या जागंला आज खरी गरज हाय तिलाच कसं सोडावं? करायला गेलो गणपती..."

"आणि झाला मारुती," मी म्हणाले. फिटरांपैकी कुणीतरी खुदकन हसलं. महारुद्र म्हणजे मारुतीच की! मलाही हसू फुटणार होतं, पण मी ते मोठ्या कष्टानं दाबलं.

"चला," तो म्हणाला.

"कुठं?"

"सोनपेठला. भुजंगला परत आणू. मी बिघडवलंय, मीच नीट करणार. बसा गाडीवर."

*

सोनपेठचा रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंना डोक्यावरून गेलेला ऊस, मध्ये खड्डे आणि वर काळंकुट्ट आभाळ. खड्डा आला की मी त्याचा खांदा धरायचे आणि खड्डा गेला की सोडायचे. काही वेळानं मी सोडायचं विसरले.

"खड्डे संपले की मॅडम," त्यानं पुढं बघतच सांगितलं.

मी झटकन हात काढला. लगेच एवढा मोठा खड्डा आला की परत धरावा लागला. अजूनही माझा संशय आहे की तो खड्डा त्यानं मुद्दाम शोधून काढला होता.

भुजंगच्या दारात ट्रॅक्टर धुऊन-पुसून, हार घालून उभा. कॉम्प्रेसरला हळदकुंकू, पाइपाला हळदकुंकू. भुजंगनं दोन्ही हात जोडले. "आज न्हाई, भाऊ. पूजा झाली. पूजलेलं हत्यार आज चालवत न्हाईत. उद्या दसऱ्याला सोनं लुटलं की येतो."

"अरे, लय नड हाय!" महारुद्र गयावया करायला लागला.

"तुमी क्रेन चालवली का पूजा झाल्यावर?"

महारुद्र ओट्यावर बसला.

भुजंगची आई, कमलबाई, चहा घेऊन आल्या. माझ्याकडं बघितलं, महारुद्रकडं बघितलं. "सून लय गोड हाय रे. कवा केलंस लगीन? सांगितलं बी न्हाईस!"

मला ठसका लागला. महारुद्र घाईघाईनं म्हणाला, "न्हाई मावशी, ह्या मॅडम हायत. ठिगळ लावायला आल्यात."

"कशाला?"

"लोखंडाला."

"हां," कमलबाई म्हणाल्या, आणि अशा हसल्या की मी चहाच्या कपातून मान वर काढलीच नाही.

परत येताना पावसानं गाठलंच. रस्त्याकडेच्या, विहिरीच्या मोटारीच्या शेडमध्ये शिरलो. पत्र्यावर असा धडाडा पाऊस की बोललेलं ऐकू येऊ नये. उसाच्या पानांवरून पाणी ओघळत होतं, मातीचा आणि ओल्या उसाचा गोडसर वास सुटला होता. मी थरथरत होते. त्यानं डिकीतून कोरडा टॉवेल काढून दिला आणि स्वतः पाठ फिरवून पावसाकडं बघत उभा राहिला.

"राग गेला का?" पाऊस जरा ओसरल्यावर त्यानं पाठमोरंच विचारलं.

"नाही."

"थोडा तरी?"

"...थोडा."

मग तो म्हणाला, "एक सांगू? रागावू नका."

"सांगा."

"तुमचं ठिगळ टिकलं की तुमी जाणार. संभाजीनगरला. मग कशाला येताव तुमी इकडं..." तो थांबला. "मला सगळं कळायलंय हो. सकाळी देवापुढं हात जोडले तवा मनात आलं, काय मागावं? टिकू नको म्हणावं? म्हंजी तुमी अजून चार दिस राहताव. पण तोंडातून तसं निघंना. म्हणलं, देवा, टिकू दे. लय दिस टिकू दे. अन् कुंकू लावलं."

टॉवेल माझ्या हातात तसाच राहिला. ज्या कुंकवासाठी मी ह्या माणसावर चारचौघांत ओरडले, ते त्यानं, मी निघून जाईन हे माहीत असूनही, माझं ठिगळ टिकावं म्हणून लावलं होतं. मला छातीत इतकं भरून आलं की... काय सांगू! मला तो आवडत होता. खूप आवडत होता. पावसात, शेडमध्ये, पाठमोरा, ओलाचिंब, जसा होता तसा.

"महारुद्र..." मी म्हणाले.

तो वळला. आणि तेवढ्यात शेताचा मालक पोतं डोक्यावर घेऊन आत शिरला, "काय पाहुणं, कुणीकडचं?" म्हणाला आणि पाऊस थांबेपर्यंत आम्हाला सोयाबीनच्या भावाबद्दल सांगत बसला.

*

दसऱ्याच्या दुपारी भुजंग शब्दाला जागला. जागा परत चांदीसारखी झाली. ह्या वेळी झाकणापाशी महारुद्र स्वतः राखणीला बसला. धुरपताबाई सोनं द्यायला आल्या तर आपट्याचं पानसुद्धा त्यानं लांबूनच घेतलं.

शेवटचा डबा फोडला. आधी काचेच्या कापडाचा पातळ थर, कारण कार्बन थेट लोखंडाला लागला की लोखंड गंजतं. मग रोगण. मग पट्टी. मी एका टोकाकडून रोलर फिरवत आले, तो दुसऱ्या टोकाकडून. हवा निघाली पाहिजे, बुडबुडा राहिला नाही पाहिजे. मधोमध आमचे रोलर एकमेकांना लागले. दोघंही थांबलो. त्याच्या गालावर रोगणाचा ठिपका होता.

"पुसू नका," मी म्हणाले. "नुसत्या हातानं निघत नाही तो."

"राहू द्या मग."

रोगण आठवडाभर वाळू दिलं. मग तारांना वीज जोडली. मधल्या तारा तापायला लागल्या, भेग किती उघडलीय ते दाखवणाऱ्या मीटरचा आकडा मी वाचायला लागले. आकडा हलेना. महारुद्र माझ्या शेजारी, बोटं एकमेकांत घट्ट अडकवून. आणि मग... आकडा उतरला. आणखी उतरला. भेग मिटत होती!

"आठवलं की हो त्यांला!" महारुद्र ओरडला आणि त्यानं माझा हात धरला. सोडला नाही. मीही सोडवला नाही.

*

चाचणीच्या दिवशी सगळा कारखाना गव्हाणीभोवती जमलेला. गर्डरच्या खाली आम्ही लोखंडी टेकू लावून ठेवले होते, न जाणो... क्रेनच्या केबिनमध्ये ऑपरेटरला बाजूला करून महारुद्र चढला.

"तुम्ही कशाला?" मी खालून ओरडले.

"ऑपरेटर ओझं दणक्यात टाकतो. तुमच्या ठिगळाला दणका न्हाई देणार मी!"

"दणकाच द्यायचाय! हंगामात काय फुलासारखं उचलणार आहात?"

लोक हसले. अप्पारावांनी मफलर सैल केला. "घे रे!"

पाण्यानं भरलेल्या टाक्या आणि वर लोखंडी प्लेटा. क्रेननं ओझं उचललं. साखळ्या करकरल्या. क्रेन सरकत सरकत भेगेच्या बरोबर वर आली आणि थांबली. गर्डर वाकला, डोळ्यांना दिसेल एवढा. मी मीटरवर नजर रोवली. आकडा... तिथंच. महारुद्रनं ओझं झटक्यात खाली सोडून मध्येच ब्रेक मारला. गर्डर थरारला. माझ्या पायाखालची फरशी थरारली. आकडा तिथंच! पुन्हा उचललं, पुन्हा दणका. पुन्हा. दुपार टळेपर्यंत तो दणके देत राहिला. मग मी लाल रंग मारला, पुसला, पांढरी भुकटी फवारली. भोकाच्या पुढं लोखंड पांढरंशुभ्र. रेघ नाही.

"टिकलं!" माझा आवाज चिरकला. "टिकलं हो, साहेब!"

काय तो गोंधळ! फिटरांनी शिट्ट्या मारल्या. धुरपताबाईंनी माझी अलाबला घेतली आणि बोटं कडाकडा मोडली. मी रडत होते, हसत होते, सगळं एकदम. अप्पाराव पुढं आले, आणि त्यांनी, ज्यांनी एवढे दिवस एक चांगला शब्द काढला नव्हता, हात जोडले. "बाई, मानलं तुमाला. आता दुसऱ्या गर्डरला बी तुमचंच ठिगळ. पण ते हंगाम संपल्यावर."

हंगाम संपल्यावर. म्हणजे उन्हाळ्यात. इतक्या आनंदात मी मनातल्या मनात महिने मोजायला लागले. महारुद्र केबिनमधून उतरून गर्दीच्या कडेला उभा होता. हसत होता, पण डोळे जमिनीकडं.

"हंगामभर मीटर बघावं लागेल," मी कशीबशी म्हणाले. "आकडा बदलला तर लगेच कळवायचं."

"त्याची फिकीर करू नका. तुमी निवांत जावा," अप्पाराव म्हणाले. "महारुद्र बघंल अन् फोनवर आकडे धाडंल. काय रे? जमंल ना?"

न जमायला काय झालं होतं? इतके दिवस आकडे तोच तर घेत होता. एकदा मी वायर उलटी जोडली, तर चूक त्यानंच धरली होती.

महारुद्रनं मान वर केली. सगळ्यांसमोर, स्पष्ट आवाजात म्हणाला, "न्हाई जमायचं, साहेब."

"अं?"

"लय अवघड हाय ते मीटर. मला काय कळंना."

"अरे, काल तर तू मला शिकवायला व्हतास की!"

"काल जमायलं व्हतं," तो म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते. "आज जमंना."

फिटर एकमेकांकडं बघायला लागले. पहिल्यांदा धुरपताबाईंना कळलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"मग बघणार कोण ते?" अप्पाराव वैतागले.

"मॅडमलाच यावं लागंल," महारुद्र म्हणाला आणि आता कुठं त्यानं माझ्याकडं बघितलं. "हर आठवड्याला."

सगळे माझ्याकडं वळले. एवढा अभिमानी माणूस, सगळ्या वर्कशॉपसमोर स्वतःला ढ म्हणवून घेत होता... कशासाठी? माझ्यासाठी!

"आठवड्याला?" मी म्हणाले. "आठवड्यानं काय होतंय, साहेब? हे मीटर रोज बघावं लागतं. मी लॅबमध्ये सांगते, हंगामभर मला इथंच राहू द्या म्हणून."

अप्पारावांनी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग मफलर परत गळ्याभोवती गुंडाळला. "चला रे, चला. इथं दुसरंच काम निघालं. टेकू काढा तिकडचे!" म्हणत सगळ्यांना घेऊन गेले.

आम्ही दोघंच उरलो. त्याच्या बोटांना ग्रीस, माझ्या बोटांना लाल रंग.

"कावेरी," तो म्हणाला. मॅडम नाही, कावेरी. पहिल्यांदाच. "मला तुमी लय आवडता. पयल्या दिवशी ओरडल्या तवापासून. माझं प्रेम हाय तुमच्यावर."

"तुमच्यावर नाही," मी म्हणाले. डोळे परत भरले होते. "तुझ्यावर म्हण. कारण माझंही आहे. तुझ्यावर. आणि नीट विचार कर हां, महारुद्र, माझ्या नाकावर राग आहे. जन्मभर ओरडत राहीन. जमेल का?"

"जमंल," तो म्हणाला.